काम किती लाखांचं ते नंतर, किती गुंत्याचं ते आधी

शेतकरी उत्पादक कंपनी, ग्रामपंचायत, बचत गट यांनी कामाचा प्रमुख कसा निवडावा?

जिंतूर-परभणी रस्त्यावरच्या बोरीसारख्या मोठ्या गावात वर्षभर कुठलं ना कुठलं काम निघतच असतं. वस्तीतला सिमेंट रस्ता, नळयोजनेची नवी टाकी, शाळेची वर्गखोली, शेतकरी उत्पादक कंपनीचं गोदाम. पैसा कुठून आणायचा यावर बैठकांमागून बैठका होतात. अंदाजपत्रकावर, ठरावावर, अर्जावर सह्या होतात. पण काम सांभाळणार कोण, हा विषय शेवटी चहा आल्यावर निघतो आणि कप खाली ठेवायच्या आत मिटतो. “अमक्याला द्या, तो सध्या रिकामाच आहे.” “तमके जुने-जाणते, त्यांचा मान राखा.” “त्याच्याकडे गाडी आहे, परभणीच्या चकरा होतील.”

वेळ, मान आणि गाडी या तिन्ही गोष्टी कामाला लागतातच. त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. पण एक प्रश्न या चर्चेत विचारलाच जात नाही: या कामात जो गुंता आहे, तसा गुंता या माणसानं आधी कधी सोडवलाय का? पुढं काम रखडतं, हप्ता अडकतो, बिलं थकतात आणि माणसाच्या नावानं बोटं मोडली जातात. माणूस बहुतेक वेळा प्रामाणिकच असतो. त्याच्या अनुभवाचं आणि कामाच्या गुंत्याचं माप जुळलेलं नसतं, एवढंच. हे माप आधीच जुळवता येतं. कसं, ते पाहू.

रकमेवरून मोजायची सवय

आपल्याकडे कामाचं वजन रुपयांत करायची पद्धत सरकारी कचेरीतून आली आहे. बांधकाम खात्यात शाखा अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता अशी उतरंड असते. अंदाजपत्रकाची रक्कम जितकी मोठी, तितक्या वरच्या कार्यालयाची तांत्रिक मान्यता लागते. सरकारी पैशाचा हिशेब कोणी द्यायचा हे ठरवायला ही पद्धत बरोबरच आहे. मात्र तीच फूटपट्टी आपण गावात आणतो आणि म्हणतो, ‘चाळीस लाखांचं काम आहे, मोठा माणूस बघा’ किंवा ‘चार लाखांचं तर काम, कोणीही करील.’ इथंच घोडं पेंड खातं.

एक उदाहरण धरू. गावात दोन कामं निघाली आहेत, दोन्ही चाळीस-चाळीस लाखांची. पहिलं वस्तीतल्या सिमेंट रस्त्याचं, दुसरं उत्पादक कंपनीच्या सोयाबीन क्लीनिंग-ग्रेडिंग युनिटचं. रस्त्याला अंदाजपत्रक आहे, ठेकेदार आहे, शाखा अभियंता येऊन मोजमाप पुस्तिकेत नोंद करणार आहे. असे रस्ते तालुक्यात शेकडो झाले. खडी, सिमेंट, पाणी मारणं आणि लोकांनी आठ-पंधरा दिवस गाड्या दुसरीकडून नेणं, एवढाच मामला.

आता युनिट बघा. जागा काळ्या भारी मातीची. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो; वरच्यावर उरकला तर दोन वर्षांत जोतं तडकतं. धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरला जमिनीखाली खड्डा लागतो आणि वर उंची लागते. मशीनचा नकाशा हातात येण्याआधी शेड उभं केलं तर पत्रा कापावा लागतो किंवा मशीन बुटकं घ्यावं लागतं. खड्ड्यात पावसाचं पाणी झिरपलं तर पहिल्याच हंगामात माल भिजतो. शेतीच्या फीडरवर थ्री-फेज वीज पाळीनं येते, म्हणून वेगळं कनेक्शन हवं. त्यासाठी महावितरणकडे अर्ज, डिमांड नोट आणि डीपीची क्षमता पाहणं आलं. बँकेचं मुदत कर्ज वेगळं. अनुदान हप्त्यानं आणि झालेलं काम पाहून येतं, तोवर पैसा आपला लावायचा. हे सगळं दसऱ्याच्या आत उभं राहिलं पाहिजे, कारण सोयाबीन कोणासाठी थांबत नाही.

रक्कम सारखीच, पण रस्त्याचं काम हुशार सदस्यानं सहज सांभाळलं असतं. युनिटसाठी तोच सदस्य तितक्याच मेहनतीनं धावेल आणि तरी फसेल.

गुंता मोजायचे सात प्रश्न

गुंता डोळ्यांनी दिसत नाही, पण त्याला गुण देता येतात. प्रकल्प व्यवस्थापकांच्या क्षमतेचे निकष ठरवणाऱ्या ‘गॅप्स’ या आंतरराष्ट्रीय संघटनेनं त्यासाठी सात बाबींची मोजपट्टी तयार केली आहे. प्रत्येक बाबीला १ ते ४ गुण. बेरीज ११ किंवा कमी आली तर काम साधं, १२ ते १८ आली तर मध्यम गुंत्याचं, १९ किंवा जास्त आली तर अवघड. मूळ मोजपट्टी मोठ्या कंपन्यांसाठी लिहिलेली आहे. गावच्या कामाला लावताना ते प्रश्न असे विचारावेत.

१. परिस्थिती किती स्थिर आहे? दर, पाऊस, योजनेचे नियम, पदाधिकारी हे काम चालू असताना बदलण्याची शक्यता कितपत? जितकी जास्त, तितके गुण जास्त.

२. किती प्रकारचं ज्ञान लागतं? फक्त बांधकाम, की बांधकाम, यंत्र, वीज, हिशेब आणि बाजार सगळंच?

३. कायद्याचा, समाजाचा, पर्यावरणाचा परिणाम किती? जागा कोणाच्या नावावर, पाणी कुठं जाणार, कोणाची वाट बंद होणार?

४. पैशाचा भार किती? इथं रक्कम पाहायची नाही, संस्थेच्या ऐपतीशी तुलना करायची. ग्रामपंचायतीला चाळीस लाख म्हणजे एक काम. नव्या उत्पादक कंपनीला चाळीस लाख म्हणजे सगळं भागभांडवल आणि वर कर्ज.

५. संस्थेच्या पुढच्या वाटचालीत या कामाचं महत्त्व किती? फसलं तर संस्था उभी राहील की बसेल?

६. काय हवंय याबद्दल लोकांचं एकमत किती? गोदाम हवं यावर सगळे एक असतात. कुठं हवं यावर चार तट पडतात.

७. किती कार्यालयांशी आणि किती माणसांशी गाठ आहे? बँक, महावितरण, तलाठी, पंचायत समिती, यंत्रविक्रेता, वाहतूकदार अशी यादी करा. जितकी लांब, तितके गुण जास्त.

आता वरच्या दोन कामांना गुण देऊन बघा. सिमेंट रस्ता: १, १, २, २, १, २, २. बेरीज ११. ग्रेडिंग युनिट: २, ३, २, ४, ४, ३, ३. बेरीज २१. एक साध्या गटात, एक थेट अवघड गटात. तुमच्या गावात हेच गुण एक-दोनने इकडे-तिकडे होतील आणि व्हावेत. महत्त्वाचं हे की गुण एकट्यानं द्यायचे नाहीत. पाच जणांनी आपापल्या कागदावर लिहावेत आणि मग कागद एकत्र ठेवावेत. ज्या प्रश्नाला कोणी १ आणि कोणी ४ दिले, तिथं थांबून बोला. एकाला माहीत असलेली आणि बाकीच्यांना माहीत नसलेली अडचण तिथंच दडलेली असते. बांधाचा जुना वाद, बँकेची थकबाकी किंवा शेजाऱ्याचा नकार बैठकीत मोठ्यानं सांगितला जात नाही, पण गुणांत उतरतो.

अनुभव मोजायचा तो कामांत

दुसरी बाजू माणसाची. “वीस वर्षांचा अनुभव आहे” हे वाक्य आपल्याला लगेच पटतं. पण वीस वर्षं काय केलं, हे विचारावं लागतं. जगभरच्या प्रमाणपत्रांतही हा फरक केलेला आहे. ‘पीएमपी’ या प्रसिद्ध परीक्षेला बसायला चार वर्षांची पदवी असलेल्यालाही प्रकल्प सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो. पदवी नसेल तर ६० महिन्यांचा. ‘इप्मा’ ही युरोपातून सुरू झालेली संघटना आणखी पुढं जाते. तिचे चार स्तर आहेत: सगळ्यात खालच्या ‘डी’ स्तराला ज्ञान पुरतं, ‘सी’ला मध्यम गुंत्याची कामं, ‘बी’ला गुंत्याची आणि ‘ए’ला अतिगुंत्याची कामं सांभाळल्याचा पुरावा लागतो. म्हणजे किती वर्षं काढली याच्या जोडीला कसल्या कामात काढली हेही तिथं मोजलं जातं.

गावात प्रमाणपत्रं मिळणार नाहीत आणि लागणारही नाहीत. आपल्यापुरत्या चार पायऱ्या ठरवू.

पहिली पायरी, हाताखाली काम केलेला. यानं साहित्य मोजून घेतलं, हजेरी ठेवली, कार्यालयात कागद पोचवले. निर्णय दुसऱ्याचे होते.

दुसरी पायरी, साधं काम एकहाती तडीस नेलेला. तडीस म्हणजे उद्‌घाटनाच्या नारळापर्यंत नाही. अंतिम देयक निघेपर्यंत, पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत. आपल्याकडे सुरुवात करणारे पुष्कळ, दप्तर बंद करणारे थोडे.

तिसरी पायरी, अनेकांना एकत्र नांदवलेला. गवंडी, वायरमन, यंत्रविक्रेता आणि बँक यांच्या तारखा एकमेकींत बसवून ज्यानं काम केलं, तो.

चौथी पायरी, बिघडलेलं काम सावरलेला. ठेकेदार पळाला, हप्ता अडला, जागेवर स्थगिती आली आणि तरी ज्यानं काम बाहेर काढलं. असा माणूस पंचक्रोशीत एखाद-दुसराच असतो. त्याची ओळख ठेवा.

कोण कुठल्या पायरीवर आहे हे कळायला साधे प्रश्न पुरतात. ‘मागच्या कामात सगळ्यात मोठी अडचण कोणती आली आणि तुम्ही नेमकं काय केलंत?’ ‘काम संपलं त्या दिवशी किती जणांचे पैसे द्यायचे राहिले होते?’ ‘कोणाशी खटका उडाला, तो मिटला कसा?’ जो माणूस ‘काहीच अडचण आली नाही’ म्हणतो, त्यानं एकतर फार साधं काम केलंय किंवा त्याचं लक्ष नव्हतं. आणि दोन ठिकाणी फोन जरूर करा: त्या कामावरच्या मुकादमाला आणि साहित्य देणाऱ्या दुकानदाराला. सरपंचाच्या शिफारशीपेक्षा या दोघांचं मत जास्त खरं निघतं.

जोडी कशी लावायची

बेरीज ११ पर्यंत असेल तर दुसऱ्या पायरीचा माणूस पुरे. पहिल्या पायरीवरच्यालाही द्यायला हरकत नाही, फक्त आठवड्यातून एकदा त्याच्याशी बसून हिशेब बघणारा जाणता माणूस ठेवा. बेरीज १२ ते १८ असेल तर तिसरी पायरी हवी. १९ किंवा जास्त असेल तर चौथी पायरी. ती मिळत नसेल तर तिसऱ्या पायरीचा माणूस आणि त्याला नेमक्या टप्प्यांवर बाहेरून घेतलेली मदत.

पण नुसत्या बेरजेवर थांबू नका. कुठल्या प्रश्नाला जास्त गुण पडलेत, ते बघा. नळयोजनेचं उदाहरण घ्या. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर पाणी नळानं देण्याचं. गावात टाकी आणि जलवाहिनी टाकायची झाली तर गुण साधारण असे पडतील: २, २, ३, २, ३, ३, ३. बेरीज १८. यात तांत्रिक भाग दोनवरच आहे. ३ गुण पडलेत ते जागा, महत्त्व, एकमत, कार्यालयं यांना. टाकीला जागा कोण देणार, आधी कुठल्या गल्लीत पाइप जाणार, मोठा रस्ता ओलांडायची परवानगी कोण आणणार, उन्हाळ्यात विहिरीला पाणी राहील हे कोण लिहून देणार. अशा कामाला निव्वळ इंजिनिअर आणून बसवला तर त्याची पंचाईत होते. तिथं निवृत्त ग्रामसेवक किंवा तलाठी जास्त उपयोगी, कारण लोकांत बसणं आणि कार्यालयात कागद हलवणं हाच त्यांचा आयुष्यभराचा धंदा. तांत्रिक भागाला अभियंता आहेच. उलट ग्रेडिंग युनिटमध्ये ज्ञानाचे प्रकार जास्त. तिथं गोड बोलणाऱ्यापेक्षा नकाशा वाचता येणारा माणूस आधी बघावा.

उलटी चूकही होते. साध्या कामावर फार अनुभवी माणूस बसवला तर त्याचा जीव रमत नाही. तो उंटावरून शेळ्या हाकतो, साध्या खरेदीलाही तीन-तीन कोटेशनं मागवतो आणि मानधन मात्र पुरं लागतं. तेवढ्याच वेळात तो एखादं अडलेलं काम सोडवू शकला असता. अशा माणसाला साध्या कामाचा प्रमुख करू नये. पंधरा दिवसांतून एकदा येऊन पाहणारा सल्लागार करावं.

योग्य माणूस मिळत नाही तेव्हा

उत्पादक कंपन्यांची खरी अडचण इथं आहे. कायद्यानं उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावाच लागतो आणि तो सभासदांपैकी नसावा अशीही अट आहे. अट चांगली आहे. गावकीतल्या मानापमानापासून कारभार थोडा दूर राहतो. पण नव्या कंपनीच्या ऐपतीत बसतो तो नुकताच पदवी घेऊन निघालेला कृषी पदवीधर. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून आणि त्याच्या संलग्न महाविद्यालयांतून दरवर्षी अशी मुलं-मुली बाहेर पडतात. पीक त्यांना कळतं, संगणक येतो, धावपळीची तयारी असते. पण बांधकामाचं देयक त्यांनी कधी तपासलेलं नसतं. त्यांच्या हाती २१ गुणांचं काम एकट्यानं देणं हा त्यांच्यावरही अन्याय आणि सभासदांवरही.

यावर तोडगा म्हणजे अनुभव पूर्णवेळ विकत न घेता टप्प्यापुरता भाड्यानं घ्यायचा. युनिटच्या कामात असे चार टप्पे काढता येतात. मशीनची निवड आणि नकाशा, पायाची खोदाई, वीजजोडणी, आणि शेवटची चाचणी. पहिल्या टप्प्याला असंच युनिट चालवणाऱ्या दुसऱ्या कंपनीचा माणूस बोलवा; त्याच्या जागी जाऊन एक दिवस उभं राहा. दुसऱ्याला निवृत्त उपअभियंता. मुरूम लागला की नाही हे खड्ड्यात उतरून त्यानं सांगायचं आणि त्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही. तिसऱ्याला परवानाधारक वीज ठेकेदार. चौथ्याला यंत्रविक्रेत्याचा माणूस, तोही आपल्या मालावर, आपल्या समोर. यांचं मानधन अंदाजपत्रकात आधीच लिहा. फुकट सल्ला मागितला की तो सवडीनं मिळतो.

मोठ्या कामांतही हेच झालंय. कोयना प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात शिवसागर जलाशयाला पाण्याखालून छेद द्यायचा होता. १३ मार्च १९९९ रोजी पहिलं लेक टॅपिंग झालं तेव्हा आपल्याकडे याचा अनुभव कोणालाच नव्हता. असं काम वर्षानुवर्षं करणाऱ्या नॉर्वेच्या तज्ज्ञांची मदत घेतली गेली. २५ एप्रिल २०१२ रोजी दुसरं लेक टॅपिंग झालं तेव्हा पहिल्या कामाची शिदोरी राज्याच्या हाती होती. बाहेरून आणलेला अनुभव घरचा कसा करायचा, याचं हे उदाहरण. म्हणूनच तुमचा पदवीधर अधिकारी त्या निवृत्त अभियंत्यासोबत खड्ड्याशी उभा असला पाहिजे, कार्यालयात बसलेला नको.

दुसरा उपाय म्हणजे गुंता तोडणं. कोकण रेल्वेचं ७४० किलोमीटरच्या आसपासचं काम एकाच मुख्य अभियंत्याच्या हाती दिलं नव्हतं. महाड, उत्तर रत्नागिरी, दक्षिण रत्नागिरी, कुडाळ, गोवा, कारवार, उडुपी असे सात विभाग पाडले आणि प्रत्येकाला स्वतंत्र मुख्य अभियंता दिला. प्रत्येक तुकड्याचा गुंता एका माणसाच्या आवाक्यात आला. आपणही युनिटचं काम ‘बांधकाम’ आणि ‘यंत्र व वीज’ असं दोन जणांत वाटू शकतो. अट एकच: दोघांच्या मधल्या जागेची जबाबदारी कोणाची, ते लिहून ठेवायचं. एलिव्हेटरचा खड्डा बांधकामवाल्याचा की मशीनवाल्याचा, हे ठरलेलं नसेल तर तो कोणाचाच राहत नाही.

माणसं घडवायची कशी

कोकण रेल्वेचे प्रमुख ई. श्रीधरन यांच्याकडे १९९० साली ते काम आलं तेव्हा ते रेल्वेतून निवृत्तीच्या वयात पोचले होते. त्याआधी डिसेंबर १९६४ च्या वादळात वाहून गेलेला पांबनचा रेल्वेपूल त्यांनी ४६ दिवसांत पुन्हा उभा केला होता. पुढं कोलकात्याच्या मेट्रोच्या आखणीत काम केलं. तातडीचं पण एका जागेचं काम, मग नव्या तंत्राची आखणी आणि मग डोंगर, नद्या, तीन राज्यं आणि हजारो जमीनमालक असलेली रेल्वे. पायरीगणिक गुंता वाढत गेला आणि अनुभवही. एवढं असूनही गोव्यात मार्गावरून आंदोलन झालं, चौकशी आयोग बसला, पेडण्याच्या बोगद्यात मऊ मातीनं वर्षानुवर्षं छळलं. अनुभवी माणसाच्याही वाट्याला अडचणी येतात. फरक एवढाच की तो डगमगत नाही आणि मदत कधी मागायची हे त्याला कळतं.

गावात ही शिडी मुद्दाम उभी करावी लागते. नव्या खोंडाला कोणी पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाही. आधी मोकळी गाडी, जोडीला जुना बैल. तसंच तरुण सदस्याला आधी दहा गुणांचं काम एकट्यानं द्या, म्हणजे सभागृहाची रंगरंगोटी, शेततळ्याचं अस्तरीकरण, वजनकाट्याची खरेदी. ते दप्तर बंद होईपर्यंत त्याच्याकडेच ठेवा. मग पंधरा गुणांच्या कामावर दुय्यम म्हणून बसवा. त्यानंतर पंधराचं काम एकट्यानं. चार-पाच वर्षांत तुमच्याकडे तिसऱ्या पायरीचा स्वतःचा माणूस तयार होतो. दर वेळी नव्या माणसाला नवं काम दिलं तर गावाकडे कामं भाराभर साठतात, अनुभव कोणाकडेच साठत नाही.

बायकांचा विचार इथं वेगळा करायला हवा. बचत गटाच्या अनेक अध्यक्ष-सचिवांनी वर्षानुवर्षं बँकेचा हिशेब, वसुली, भांडणं आणि सरकारी मेळावे सांभाळलेले असतात. सात प्रश्नांपैकी सहावा आणि सातवा प्रश्न म्हणजे त्यांचं रोजचं काम. तरी बांधकामाचा विषय आला की त्यांचं नावही निघत नाही. एकमत आणि कार्यालयं हीच ज्या कामाची अडचण, तिथं त्यांना प्रमुख करा.

अधिकाराशिवाय जबाबदारी नको

माणूस नीट निवडला तरी काम दोन कारणांनी बिघडतं. पहिलं, जबाबदारी त्याच्या डोक्यावर आणि चेकबुक अध्यक्षांच्या कपाटात. मजूर उन्हात बसलेत आणि चार पोती सिमेंटसाठी सहीची वाट बघताहेत, असं चित्र नको. किती रुपयांपर्यंतची खरेदी त्यानं न विचारता करायची, त्याच्या पुढं कोणाला विचारायचं आणि किती वेळात उत्तर मिळेल, हे ठरावात लिहा. रोजच्या खर्चाला छोटी रक्कम त्याच्या हाती ठेवा आणि दर शनिवारी पावत्या घ्या.

दुसरं कारण, कामाचा गुंता मध्येच बदलतो. सुरुवातीला १४ गुणांचं असलेलं काम शेजाऱ्यानं हद्दीची हरकत घेतली की १८ वर जातं. अनुदानाचा हप्ता लांबला, सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, संचालक मंडळ बदललं की गुण बदलतात. म्हणून सात प्रश्न तीनदा विचारा: कार्यारंभ आदेशाच्या दिवशी, जोतं झाल्यावर आणि यंत्र किंवा पाइप जागेवर येण्याआधी. बेरीज चारच्या वर वाढली तर प्रमुखाला काढू नका, त्याला जोड द्या. मधेच माणूस बदलला की नव्याला सगळं समजून घ्यायला महिना जातो आणि जुना दुखावून गप्प बसतो. त्याच्या डोक्यातली माहिती मग कोणालाच मिळत नाही.

बदलायचंच झालं तर तीन खुणांवर बदला: तो वाईट बातमी दडवतो आहे, पावत्या आणि साठा जुळत नाहीत, किंवा सलग तीन आठवडे ‘पुढच्या आठवड्यात होईल’ हेच उत्तर येतंय. एकदा उशीर झाला म्हणून माणूस बदलू नये. खोटं बोलला तर मात्र एक दिवसही ठेवू नये.

पुढच्या मासिक सभेत कुठल्याही कामाचा विषय आला की एवढं करा. कोणाचंही नाव निघायच्या आधी सात प्रश्न फळ्यावर लिहा आणि गुण मांडा. मग ठरावात चार ओळी घाला: कामाची बेरीज किती, प्रमुख कोण, त्याला किती रुपयांपर्यंत अधिकार, आणि कुठल्या टप्प्यावर कोणाची मदत. या कामाला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास चहाच्या आधी काढा.